घरचाच नंबर

अमडापूर
८ डिसेंबर २०२४

संजीवनी,

वर 'प्रिय' लिहून खोडलं आहे, ते दिसत असंल. दुसऱ्यानं झाकलेलं वाचायची सवय दादालेच आहे, असं तू म्हणशील. म्हण.

तीन आठवडे झाले तू माझा नंबर बंद केला त्याले. जयमालाचाही केला. वहिनीनं तुझं काय घोडं मारलं होतं? दुकानाच्या फोनवरून लावला तं दोन रिंगा गेल्या, तू माझा 'हॅलो' ऐकला अन् तोही बंद. म्हणून कागद घेतला. काल पाकीट घ्यायले पोस्टात गेलो तं बाबू म्हणे, गोपालभाऊ, आजच्या जमान्यात परदेशात पत्र? मी म्हटलं, बहिणीले मोबाईलचा कंटाळा आला.

आता मुद्द्याचं. १७ नोव्हेंबरले सकाळी आईच्या उशाशी ठेवलेला तुझा मोबाईल आपोआप बंद पडला. चालू झाला तं नवा कोरा, पेटीतून काढल्यासारखा. 'भाषा निवडा' म्हणत होता. तू तिथं बसून इथला मोबाईल पुसला, हे समजायले मले दोन दिवस लागले. तुझी चिठ्ठीचपाटी गेली त्याचं मले काही नाही. पण त्यात बाबाचे आवाज होते. तू पुण्याले होती तेव्हा वावरातून, बांधावर बसून, बाबा तुले बोलून बोलून पाठवत ते. बाबाले जाऊन पावणेदोन वर्षं झाली. आई रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तो मोबाईल कानाले लावून बसे, हे तुले माहीत होतं. बाण कुठं दाबायचा हे तूच तिले शिकवून गेली होती. आता ती कोरा मोबाईल घेऊन बसते अन् मले विचारते, "गोपाल, तुया बापाचा आवाज कुठं गेला रे?"

मोबाईल तुझा, मान्य. बाबा एकट्या तुझेच होते काय?

तुझ्यापाशी त्या आवाजाची नक्कल असंल तं पाठव. तुझं माझं काय व्हायचं ते होईल. आईचं तेवढं कर.

तुले तं सगळ्या जगाची भीती. जायच्या आधी आठ दिवस घरी आली होती तेव्हा गॅसपाशी बसून तू आम्हाले शाळा शिकवली होती. कंपनीनं पुण्यात वर्ग घेतला म्हणे. दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायचं तुझं काम, रोग्यांची माहिती तुझ्या हातात, म्हणून तिकडं जाताना रिकामा मोबाईल न्यायचा अन् रोजचा घरी ठेवायचा. विमानतळावर साहेब मोबाईल उघडून दाखव म्हणू शकते, म्हणून रांगेत लागायच्या आधी तो पूर्ण बंद करायचा. बोटाच्या ठशावर भरवसा ठेवायचा नाही, लांबलचक पासवर्ड टाकायचा. तिथलं फुकटचं वायफाय घ्यायचं नाही. भिंतीतून लोंबणाऱ्या कोणत्याही वायरले मोबाईल लावायचा नाही, चार्जर आपलाच. अन् मोबाईल भलत्याच्या हाती गेला तं दुरून पुसता आला पाह्यजे, ती सोय आधीच करून ठेवायची. आई म्हणे, एवढं भेव वाटते तं जातं काऊन बाई? आम्ही सगळे हासलो. तूही हासली होती.

तुझ्या व्हिसाचा फोटो मी गावच्या ग्रुपवर टाकला तेव्हा केवढी भांडली तू. पासपोर्टचा नंबर दिसते, जन्मतारीख दिसते, आत्ताच्या आत्ता काढ. मी काढला. पण तोपर्यंत पोरांनी बसस्टँडवर तुझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावून टाकला होता अन् त्यावर तोच व्हिसा, हातभर मोठा. तू स्वतः शिडीवर चढून त्यावर कागद चिकटवला. भावाले अभिमान वाटला तं तो गुन्हा झाला.

राह्यली उंद्रीच्या प्रज्वलची सोयरीक. मी खोटं एक अक्षर बोललो नाही. बाबा गेल्यावर तू डोक्याच्या डॉक्टराकडं जात होती, गोळ्या घेत होती, हे झाकून लग्न लावायचं होतं काय? उद्या त्याइले कळलं असतं तं शेण कोणाच्या तोंडात गेलं असतं? माझ्या. मी घराची इज्जत पाह्यली. प्रज्वलच्या बापानं नाही म्हटलं तं त्याले मी काय करू?

आवाजाचं तेवढं पाहा.

तुझा दादा,
गोपाल


२६ जानेवारी २०२५

संजीवनी,

पत्र पोचलं हे मले माहीत आहे. पावतीवरच्या नंबरावरून पोस्टाच्या बाबूनं पाहून सांगतलं, चोवीस डिसेंबरले तुझ्या दारात देल्लं म्हणून. म्हणजे तू वाचलं अन् गप्प बसली. बस. बाबा असते तं म्हणाले असते, हे दोघं मांजरासारखे, एक ओरडते तं दुसरं पाठ फिरवते.

आईले मी सांगून ठेवलं आहे की मोबाईल बिघडला, चिखलीले दुरुस्तीले टाकला आहे. खोटं आहे, पण पूर्ण खोटं नाही. मी खरंच चिखलीले घेऊन गेलो होतो. दुकानदारानं दहा मिनिटं खटपट केली. म्हणे यात काहीच राह्यलं नाही भाऊ, कोणी पुसला? मी म्हटलं, बहिणीनं. म्हणे मंग बहिणीलेच विचारा, तिच्यापाशी दुसरीकडं जपून ठेवलेलं असंल. जाताना त्यानं सहज विचारलं, जुना नंबर काय टाकत होते? मी सवयीनं बोलून गेलो, ४४१७.

बोलल्यावर मी मागं वळून पाह्यलं. गिऱ्हाईक उभे होते, सगळ्यांनी ऐकलं.

४४१७ म्हणजे आपला ट्रॅक्टर. तू जन्मली त्या साली बाबानं आणलेला. मोबाईल आला तेव्हा बाबाच्या ध्यानात दुसरा नंबर राहीना म्हणून त्याच्या मोबाईलले तो टाकला, मंग आईच्या, मंग माझ्या, मंग जयमालाच्या. बँकेच्या कार्डालेही तोच. आपल्या घरात कोणी कोणाले नंबर विचारत नाही. घरचाच आहे, असं म्हटलं की झालं.

तूही तेच म्हटलं होतं. आठवून पाहा. तुझं जुनं सिम इथल्या मोबाईलमधे राह्यलं, कारण बँकेचे ओटीपी त्यावर येणार होते, अन् तू तिकडून फोन केला की मी इथून आकडे वाचून सांगायचे, असं ठरलं होतं. तू म्हणाली, "दादा, मेसेज मी झाकून ठेवलेत, मोबाईल उघडावा लागेल. नंबर घरचाच आहे." तिकडच्या साहेबासाठी वीस अक्षराचा पासवर्ड अन् माझ्यासाठी ट्रॅक्टर. म्हणजे नंबर तूच देल्ला. कुलूप मी तोडलं नाही. मंग चोर कसा झालो मी?

हे लिहून झालं अन् वाचून पाह्यलं. वकिलासारखं वाटते. राहू दे तसंच.

आणखी एक सांगतो. जयमालानं तिच्या मोबाईलचा नंबर बदलला. परवा मले तिच्या मोबाईलवरून पावसापाण्याचं पाहाचं होतं, ४४१७ टाकला तं चालला नाही. मी विचारलं, काऊन बदलला? म्हणे, असंच. भाजी चिरत होती, मान वर केली नाही. आपली छकुली दहावीले आहे, तिच्या अभ्यासाचं मोबाईलवर येते. मी खोलीत गेलो की ती मोबाईल पालथा घालते. बापाले वाटते पोरगी काही लपवून राह्यली. मंग वाटते, बाप काय करते हे तिनं पाह्यलं आहे.

आईनं काल विचारलं, दुरुस्तीले एवढे दिवस लागते काय? मी म्हटलं, पार्ट मुंबईहून येते.

ती आता संध्याकाळी दिवा लावते अन् तशीच बसते. जेवते कमी. जयमाला म्हणते, दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. तुले हे मुद्दाम लिहितो. तुले वाईट वाटावं म्हणून लिहितो.

गोपाल


२१ फेब्रुवारी २०२५

संजू,

आज बाबाचं वर्षश्राद्ध झालं. दुसरं. पंगत उठली, पाव्हणे गेले, आई आत आडवी झाली आहे अन् मी ओसरीवर बसून लिहितो आहे. आज नाही लिहिलं तं कधीच लिहिणार नाही.

जून महिना होता. पेरणीचा टाइम, आपल्या कृषी केंद्रात पाय ठेवायले जागा नाही, सोयाबीनच्या थैल्या उतरून राह्यल्या होत्या. तुझा फोन आला, ओटीपी सांग. मी आईजवळून मोबाईल आणला, उघडला, आकडे सांगतले. बंद करणार तेवढ्यात वरून एक मेसेज आला. कोण्या मॅडमचा. 'संजीवनी, या आठवड्यात घरच्यांशी बोलणं झालं का?' मले वाटलं, ही कोण आपल्या घरचं विचारणारी? म्हणून उघडला. एवढंच खरं आहे. एवढ्यावर थांबलो असतो तं आज तुले काही लिहायची पाळी आली नसती.

थांबलो नाही. ती तुझी डोक्याची डॉक्टर हे कळलं, तरी चार दिवस वाचलं. दुकानाच्या मागच्या खोलीत, खताच्या पोत्यावर बसून. आईले सांगायचो की चार्जिंगले लावला आहे. बाबा गेल्यावर तुले झोप येत नव्हती, तू रात्र रात्र पुण्याच्या खोलीत बसून राहत होती, गोळ्या चालू होत्या, हे सगळं मले तिथं कळलं. मले वाटलं असंल ना तुझ्यासाठी वाईट? वाटलं. थोडा वेळ. मंग मी वाचत खाली सरकलो अन् माझं नाव आलं.

'दादा मला विचारत नाही, सांगतो. बाबा गेल्यापासून त्या घरात मी माणूस नाही, दादाची बहीण आहे.'

पाठ झालं आहे. तू हे एका परक्या बाईले लिहिलं होतं. मी तुझी शाळेची फी भरायले चिखलीच्या रांगेत उभा राह्यलो, तुले पुण्याले पोचवायले रातभर गाडीत बसून आलो, अन् तू तिले हे लिहिलं. माझं डोकं फिरलं. फिरलेलं डोकं चार महिने तसंच घेऊन मी हिंडलो, तुले आकडे वाचून देल्ले, आवाजात काही दाखवलं नाही. तू विचारलं होतं एकदा, दादा, बरा आहेस ना? मी म्हटलं, हाव, मले काय होते.

ऑक्टोबरात उंद्रीचे पाव्हणे साखरपुड्याची तारीख काढायले येणार होते. आदल्या दिवशी मी, मॅडमले तू तुझ्या गोळ्यांचं लिहिलेलं होतं, मोबाईलवरच्या त्या पानाचा फोटो काढला अन् प्रज्वलच्या बापाले पाठवला. इज्जत, खरेपणा, हे सगळं मी पहिल्या पत्रात लिहिलं ते नंतर सुचलेलं आहे. त्या दिवशी माझ्या मनात एकच होतं, की हिले कळू दे.

आता जे लिहितो ते कोणालेच माहीत नाही. जयमालालेही नाही. त्याच पानावर तुझी ती ओळ होती, माझ्या नावाची. फोटो पाठवायच्या आधी मी ती ओळ कापली. बोटानं कड धरून वर सरकवली, माझं नाव जाईपर्यंत. तुझं सगळं राहू देल्लं अन् माझं तेवढं झाकलं. दुसऱ्याच्या हाती काय जाऊ द्यायचं नाही, हे तू गॅसपाशी शिकवलेलं मी एवढं एकच शिकलो.

प्रज्वलच्या बापानं तो फोटो पुढं कोणाकोणाले दाखवला, मले मोजता आलं नाही. पुढच्या बाजाराले उंद्रीहून आलेला गिऱ्हाईक दुकानात विचारे, बहीण बरी आहे ना आता? आवाज बारीक करून विचारे. प्रज्वल मात्र तुले सरळ बोलला, तोच फोटो तुले पाठवला अन् विचारलं की हा तुझ्या घरून आला आहे, तुले माहीत आहे काय. म्हणून तुले समजलं अन् म्हणून तू मोबाईल पुसला. पोरगा चांगला होता. बापापुढं त्याचं चाललं नाही ते सोड.

तू तिकडं उतरली तेव्हा खरंच साहेबानं मोबाईल मागितला होता, तू फोनवर सांगतलं होतं. त्यानं चाळला, काही सापडलं नाही, परत देल्ला, जा म्हणाला. तो परका माणूस होता अन् त्यानं दोन मिनिटांत सोडलं तुले. मी नाही सोडलं.

बाबाचे आवाज एकसष्ट होते. मोजले होते मी, वाचता वाचता दिसले म्हणून. एकही ऐकला नाही. मले तुझ्याविषयी काही पाह्यजे होतं, बाबाच्या बोलण्यात काय असणार? वावर, पाणी, तुझं जेवण. पुढं सरकवत गेलो. आई ऐके तेव्हाही मी कधी जवळ बसलो नाही. आज पंगतीत जनकामावशी म्हणे, रामराव काय गोड बोले, त्याचं ते 'बाप्पा' म्हणणं कानात आहे. माझ्या कानात नाही, संजू. मी दिवसभर आठवून पाह्यलं. त्याचा चेहरा येते, आवाज येत नाही.

माफी मागत नाही. मागितली तं तुले द्या लागंल किंवा नाही म्हणा लागंल, दोन्हीचा त्रास तुलेच. आईले आवाज पाठव. माझ्या हाती देऊ नको.

गोपाल


१३ एप्रिल २०२५

संजू,

डबा पोचला. तुझ्या मैत्रिणीनं, समतानं तुले कळवलंच असंल, तरी मी लिहितो, कारण तिनं बाहेरचं पाह्यलं अन् मी आतलं.

ती मागच्या रविवारी भर उन्हात चिखलीहून गाडीवर आली. मी ओसरीवर होतो. मले 'दादा' म्हटलं नाही. सरळ आईपाशी जाऊन बसली अन् पिशवीतून तो लाल डबा काढला, म्हातारे माणसं भजनं ऐकतात तसला. तू पाठवलेले सगळे आवाज तिनं एका कार्डात भरून त्यात बसवले होते. आईचं बोट धरून तिनं ते मोठं बटन दाखवलं. म्हणे, काकू, हा मोबाईल नाही. याले नंबर लागत नाही, याच्यातून कोणाकडं काही जात नाही, कोणी दुरून पुसू शकत नाही.

मंग माझ्याकडं पाहून म्हणाली, "संजीवनीची एक अट आहे. तुम्ही घरात असताना हा वाजणार नाही."

आईले समजेना. ती म्हणे, काऊन बाई, त्याचाही बापच होता ना. समता माझ्याकडं पाहत राह्यली. म्हणे, तुम्ही सांगता का मी सांगू?

मी सांगतलं. सगळं, त्या कापलेल्या ओळीसकट. या तीन पत्रांले जेवढा वेळ लागला त्यापेक्षा खूपच कमी वेळ लागला. जयमाला दारात उभी होती, तिनंही ऐकलं.  मले वाटलं आई रडंल, शिव्या देईल. ती डब्याच्या बटनावर बोट ठेवून बसली होती.

"मले म्हणे पार्ट मुंबईहून येते," ती म्हणाली. मंग, "जाय. बाहीर जाय. मले याच्याशी बोलू दे."

तेव्हापासून रोज असंच आहे. दिवाबत्ती झाली की आई मले नावानं हाक मारते, गोपाल. एवढंच. मी उठतो, चपला घालतो अन् अंगणात निंबाखाली जाऊन उभा राहतो, तिथं आपला ट्रॅक्टर लावलेला असते. नंबरप्लेट गंजली आहे, आकडे अजून वाचता येते. आतून आवाज येते, बाबाचा आहे हे कळते, शब्द कळत नाही. भिंत जाड आहे. बुधवारी आई हासली. बाबा काय बोलले असंल, मी अर्धा तास विचार करत होतो. छकुली आत बसते आजीजवळ. मी तिले विचारलं नाही. विचारलं असतं तं तिनं सांगतलं नसतं असं वाटते, अन् तिनं सांगू नये.

काल एक गोष्ट झाली. तीच लिहायची होती.

जयमाला अन् छकुली आईले घेऊन देवीच्या देवळात गेल्या होत्या. मी दुकान बंद करून घरी आलो तं घरात कोणी नाही. डबा आईच्या बाजेवर. ती नेहमी पेटीत ठेवते, काल विसरली. मी बाजेवर बसलो अन् तो हातात घेतला. अर्धा पाव वजन नसंल त्याचं. एक बटन. नंबर नाही, पासवर्ड नाही, पाहणारं कोणी नाही. एकसष्ट आवाज. त्यात कुठं बाबानं माझं नाव घेतलं असंल, चांगलं घेतलं असंल, वाईट घेतलं असंल. मले फक्त तो आवाज ऐकायचा होता, संजू. शब्द नाही. नुसता आवाज, एकदा, कानात परत यावा म्हणून.

बोट बटनावर ठेवलं होतं. किती वेळ, ते सांगता येत नाही. दाबलं नाही. होता तिथं, होता तसा ठेवून देल्ला.

हे तुले खरं वाटणार नाही. वाटावं असं मी काही शिल्लकही ठेवलं नाही. तरी लिहितो.

डबा ठेवून मी हात काढत होतो तेवढ्यात आई दारात आली. तिनं मले पाह्यलं, बाजेवरचा डबा पाह्यला.  प्रसादाची पुडी खाली ठेवली, डबा उचलला अन् त्याच्या मागच्या बाजूले तळहात लावून पाह्यला, वाजून गरम झाला आहे का म्हणून.

थंड होता. तरी तिनं तो पदराखाली घेतला अन् आतल्या खोलीत जाऊन पेटीले कुलूप लावलं. किल्ली तिनं छकुलीजवळ देल्ली.

गोपाल